महर्षी अण्णासाहेब कर्वे आणि त्यांचे मुरुड

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर ज्ञातिबांधवाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. त्यानुसार यंदा आम्ही महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे स्मरण करीत आहोत. त्यांचे हिंगण्याचे कार्य, महिला विद्यापीठ, १९५८ साली मिळालेला भारतरत्न हा सन्मान, या गोष्टी शाळेतील मुलांनाही ठाऊक असतात. त्यांविषयी विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते अण्णांचे आणि त्यांच्या गावाचे नाते. हे नाते सांगताना आपल्याच पूर्वजांविषयी चार अप्रिय गोष्टी लिहाव्या लागतील. अण्णांचे छायाचित्र स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापावयाचे आणि बहिष्काराचा प्रसंग दीड ओळीत उरकावयाचा, ही आपली जुनी रीत आहे. ती या वेळी सोडावी असे आम्हांस वाटते.

मुरुड म्हटले की पुष्कळांस जंजिऱ्याचे मुरुड आठवते. हे ते नव्हे. दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या दक्षिणेस, समुद्राला लागून नारळीपोफळीच्या बागांत वसलेले हे लहानसे गाव. मधून रस्ता, दोन्ही अंगांस घरे, घरांमागे वाड्या आणि पलीकडे वाळूचा किनारा. गावात दुर्गादेवीचे कोरीव लाकडी खांबांचे देखणे देऊळ आहे. गावची जमीन थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. त्यामुळे मुलगा हाताशी आला की त्याने बंदरावर जाऊन मुंबईचा रस्ता धरावयाचा, हे ठरलेलेच. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की मुंबई दुरावे आणि गाव चार महिने आपल्यापुरते उरे. अशा गावात प्रत्येकाचे प्रत्येकावाचून अडते. आजाऱ्याजवळ बसावयास, कार्यात वाढावयास, प्रेत उचलावयास शेजारीच लागतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचेच काम पडणार आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. वाढले ते मुरुडास. घरची स्थिती अगदी बेताची. वडील केशवपंत जवळच्या कोरेगावी एका जमीनदाराकडे कारभाराची नोकरी करीत. घरात पैशाची चणचण होती, परंतु स्वाभिमानाची नव्हती.

या मुलाच्या आयुष्याला वळण लावले ते गावच्या मराठी शाळेतील शिक्षक विनायक लक्ष्मण सोमण यांनी. सोमण मास्तरांचे नाव आज कोणास आठवत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. शाळा सुटली की आपले काम संपले असे न मानणारे ते शिक्षक होते. वर्तमानपत्र घेणे ज्या काळी गावात चैनीचे समजत, त्या काळी त्यांनी देवळात दहापाच माणसे जमवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याचा परिपाठ ठेवला. वाचण्याचे काम पुष्कळदा धोंडू कर्व्यांकडे येई. म्हातारे, बागाईतदार, भटजी ऐकावयास बसत आणि एक पोरसवदा मुलगा मुंबई-पुण्याच्या वार्ता त्यांना वाचून दाखवी. गावकऱ्यांच्या भागीतून एक दुकान चालविण्याचा प्रयत्नही मास्तरांनी केला आणि त्याच्या गल्ल्यावर याच विद्यार्थ्यांना बसविले. ते दुकान पुढे टिकले नाही. परंतु चार घरांचा पैसा एकत्र आला तर गावाचे काम होते, आणि त्या पैशाचा हिशेब पैपर्यंत चोख ठेवावा लागतो, हे अण्णा तेथे शिकले. पुढे ज्या मनुष्याच्या हातून संस्थांचे लाखो रुपये गेले, त्याची हिशेबाची शाळा ती हीच.

१८७५ सालची साताऱ्याची पायपीट सर्वश्रुत आहे. मुलकी परीक्षेस बसावयाचे होते. दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे मुंबईला जाण्यास गलबत मिळेना. तेव्हा अण्णा आणि त्यांचे सोबती कुंभार्ली घाटाने साताऱ्यास पायी निघाले. शंभराहून अधिक मैलांची वाट त्यांनी चारएक दिवसांत काटली. परीक्षेस सतरा वर्षे पुरी असावी लागत. अण्णांची ती झाली होती, दाखलाही जवळ होता. परंतु अंगयष्टी इतकी किरकोळ की, समितीच्या प्रमुखांना तो मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. त्यांनी परीक्षेस बसू दिले नाही. आल्या वाटेने परत. पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन अण्णा ती परीक्षा उत्तीर्ण झाले. आम्हांस या हकिकतीत चिकाटीपेक्षा आणखी एक गोष्ट दिसते. परत येताना या मुलाच्या मनात त्या अधिकाऱ्याविषयी कडवटपणा राहिला नाही. पुढे अठरा वर्षांनी याहून फार मोठा नकार त्यांच्या वाट्यास आला, तेव्हाही तो राहिला नाही.

इंग्रजी शिक्षणास त्यांना उशीर झाला. मुंबईत रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर. तोवर संसार सुरू झालेला होता. बालपणीच विवाह झालेल्या राधाबाई मुंबईस आल्या होत्या. मराठा हायस्कूल आणि मुलींच्या दोन इंग्रजी शाळा यांतून शिकवीत, शिकवण्या करीत ते पोट भरू लागले. घर लहान, तरी त्यात दुसऱ्यांची मुले असत. मुर्डीचे रघुनाथ परांजपे, जे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, ते अण्णांच्याच आधाराने शिकले.

याच मुंबईच्या दिवसांत, पुण्यास येण्यापूर्वी, अण्णांनी मुरुड फंड काढला. नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीचा एक लहानसा अंश नियमाने गावासाठी काढून ठेवावा, आणि त्यातून गावचे शिक्षण व इतर सार्वजनिक गरजा भागवाव्या, अशी ही योजना. आज कोकणातील गावोगावच्या मुंबईकर मंडळांना यात नवल वाटणार नाही. परंतु त्या काळी चाकरमान्याचा पैसा घरी जाई, फार तर देवळाच्या उत्सवास जाई. शाळेसाठी, सर्वांसाठी, दर महिन्यास वर्गणी द्यावयाची, ही कल्पना नवी होती. अण्णा वक्ते नव्हते. ते दारोदार जात, कोणास न दुखविता मागत, मिळेल तेवढे घेत आणि पावती देत. सोमण मास्तरांच्या दुकानातील धडा त्यांनी मुंबईच्या चाळींतून गिरविला.

१८९१ साली राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गोखल्यांच्या आग्रहावरून अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून पुण्यास आले. वय तेहेतीस. पुन्हा विवाह करावा, असे घरच्यांचे म्हणणे. त्या वयाच्या विधुराने दहाबारा वर्षांची मुलगी करून आणावी, यात कोणास काही गैर वाटत नसे. अण्णांनी मात्र ठरविले की, विवाह करीन तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचा विवाह गोदूबाईंशी झाला. त्या देवरुखच्या जोशी घराण्यातील, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. पुढे त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

त्यानंतर उभयता मुरुडास गेले. गाव जमले आणि बहिष्काराचा ठराव झाला. कर्व्यांशी कोणी पंक्तिव्यवहार ठेवू नये, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतल्यास त्यांनाही वाळीत टाकावे, असा त्याचा आशय. ज्या घरात ते वाढले, त्याचा उंबरठा ओलांडणे म्हणजे आईवर आणि वडीलबंधूंवर संकट आणणे, अशी स्थिती झाली. पुण्यात बहिष्कार असला तरी भांडारकरांसारखी माणसे पाठीशी होती, आणि एका पेठेत बोलणे बंद झाले तर दुसरीत जाता येई. मुरुडास दुसरी पेठ नव्हती. वर आम्ही म्हटले की, अशा गावात प्रत्येकाचे प्रत्येकावाचून अडते. त्याच जिव्हाळ्यावर मुरुड फंड उभा राहिला होता, आणि आता त्याच जिव्हाळ्याची दोरी करून गावाने आपल्या मुलास बांधले. ज्याने हाक मारली असता सारे गाव वर्गणी देते, त्याच्याशी सारे गाव बोलणे टाकू शकते. लहान गावाचे बळ आणि लहान गावाचा जाच या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

ठराव करणारे लोक दुष्ट होते काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. कोणाच्या मुलीची सोयरीक अडली असती, कोणाकडे श्राद्धास भटजी आला नसता. प्रत्येकास आपले घर सांभाळावयाचे होते. परंतु हेही तितकेच खरे की, त्यांच्याच घरांत दहा-बारा वर्षांच्या विधवा मुली केशवपन करून कोपऱ्यात बसल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी गावाने कधी सभा भरविली नव्हती. ती माणसे आपलीच होती. आज त्याच ज्ञातीची संस्था अण्णांना आपले भूषण म्हणते, तेव्हा तो ठरावही आपल्याच दप्तरातील आहे, हे विसरता येत नाही.

अण्णांनी काय केले? ते भांडले नाहीत, कोणास शिव्याशाप दिले नाहीत. गाव मागासलेले म्हणून त्यांनी त्याकडे पाठही फिरविली नाही. आईला व भावाला आपल्यामुळे त्रास होऊ नये, एवढे त्यांनी पाहिले. फंडाविषयीचा त्यांचा जिव्हाळा तुटला नाही. ज्या गावात आपल्याला पाण्याचा तांब्या मिळणे कठीण, त्या गावच्या मुलांच्या शिक्षणाची काळजी ते वाहात राहिले. सुधारकांत गावावर रागावून शहरात सुखी झालेली माणसे पुष्कळ झाली. त्यांना आम्ही दोष देत नाही. अण्णांची जात निराळी.

पुढील वृत्तान्त थोडक्यात सांगतो. १८९३ च्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, विवाहाला तयार होणाऱ्या विधवा थोड्या. शिक्षण मिळाले तर स्वतःच्या पायावर उभ्या राहू शकतील अशा मात्र हजारो. म्हणून १४ जून १८९६ रोजी त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमास देऊन टाकली. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जागेवर १९०० साली एक झोपडी उभी राहिली. कॉलेजातील तास आटोपून अण्णा तेथवर रोज पायी जात. आश्रमाचे काम आणि पुनर्विवाहाचे काम त्यांनी कटाक्षाने वेगळे ठेवले. यावरून काही सुधारक त्यांच्यावर नाराज झाले. त्यांना ही माघार वाटली. आमच्या मते ती मुरुडात शिकलेली रीत होती. आईबापांनी निर्धास्तपणे मुलगी पाठवावी असे वाटत असेल, तर त्यांचे भय ओळखूनच पाऊल टाकावे लागते. या कामी बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी केलेले कष्ट स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. बायांचेही तसेच. प्रपंचाचा आणि टंचाईचा भार त्यांनी वाहिला, आणि कीर्ती मात्र बहुतांशी अण्णांच्या वाट्यास आली.

१९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने ते स्थिरावले. इतके झाल्यावर कोणीही विश्रांती घेतली असती. परंतु १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे शाळा सुरू करणे, हे त्याचे काम. त्यासाठी हा वृद्ध पुण्याच्या रस्त्यांतून पायी हिंडून आणा-दोन आणे जमा करी. विद्यापीठाचा संस्थापक नाण्यांसाठी दारोदार जातो, याचे लोकांस आश्चर्य वाटे. ज्यांना मुरुड फंड माहीत होता त्यांना वाटू नये. मुंबईच्या चाळींत पंचवीस-तीस वर्षांच्या तरुणाने जे केले, तेच आता कोणत्याही अनोळखी खेड्यासाठी चालले होते. फरक इतकाच की, मुरुडाची सीमा आता सबंध महाराष्ट्राएवढी झाली होती. १९४४ साली, जातिभेद आणि उच्चनीचता जावी म्हणून, त्यांनी समता संघ काढला. जातीने वाळीत टाकलेल्या मनुष्याने शहाऐंशीव्या वर्षी जातिभेदाविरुद्ध संघ काढावा, तोही कोणावर राग न धरता! ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते, हे कबूल केले पाहिजे.

१९५० साली बाया गेल्या. अण्णा त्यानंतर बारा वर्षे जगले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, पुण्यात निवर्तले. आज मुरुडास त्यांचे स्मारक आहे आणि समुद्रस्नानास येणारे प्रवासी ते पाहून जातात. १८ एप्रिल १९५८ रोजी, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपालतिकीट काढले. ह्यात असलेल्या भारतीयाचे चित्र स्वतंत्र भारताच्या तिकिटावर येण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्या वर्षी मुंबईच्या चाकरमान्यांनी गावाकडे धाडलेल्या काही पाकिटांवर ते तिकीट असेलच, आणि मुरुडचा पोस्टमन ती पाकिटे घरोघर देऊन आला असेल.