हकीम अजमल खान: मतबमधली तिब वर्गात आणणारा माणूस

हकीम अजमल खान यांचं नाव निघालं की आपल्याकडे लोकांना जामिया मिल्लिया आठवते, खिलाफत चळवळ आठवते. ते १९१९ मध्ये मुस्लिम लीगचे आणि १९२१ मध्ये काँग्रेसच्या अहमदाबाद अधिवेशनाचे अध्यक्ष होते, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण राजकारणात येण्याच्या कितीतरी आधीपासून एक प्रश्न त्यांच्या मागे लागला होता. हकीम घडतो कुठे, घराण्यात की वर्गात? आणि वर्गात घडवायचा असेल तर त्याला नेमकं काय शिकवायचं? आज आपली मुलं-मुली नीट देऊन बीयूएमएसला जातात, साडेचार वर्षं शिकतात, वर एक वर्ष इंटर्नशिप करतात. त्या अभ्यासक्रमाच्या मुळाशी जी भांडणं झाली, त्यातली बरीचशी या एका माणसाने अंगावर घेतली होती.

जन्म १८६८ चा, दिल्लीचा. घर बल्लीमारानमधली शरीफ मंझिल, आणि घराणं पिढ्यान् पिढ्यांच्या हकिमांचं. पूर्वज हकीम शरीफ खान मुघल दरबाराचे हकीम होते. वडील हकीम महमूद खान आणि थोरले भाऊ हेच अजमल खानांचे उस्ताद. लहानपणी त्यांनी कुरआन हिफ्ज केलं, अरबी-फारसी शिकले, मग तिबकडे वळले.

त्या काळी तिबची तालीम कशी व्हायची, हे जरा सविस्तर बघण्यासारखं आहे. आधी अरबी, मग मंतिक म्हणजे तर्कशास्त्र. त्यानंतर इब्न नफीस यांचं 'मूजिझ', 'शरह-ए-असबाब' आणि शेवटी इब्न सीना यांचं 'अल-कानून'. किताबं झाली की खरी शाळा सुरू व्हायची ती मतबमध्ये. मतब म्हणजे हकिमाचा दवाखाना. शागिर्द उस्तादांच्या शेजारी बसायचा. उस्ताद नुस्खा सांगतील तो लिहून घ्यायचा. नब्ज आधी स्वतः बघायची, मनाशी अंदाज बांधायचा, मग उस्ताद काय म्हणतात ते ऐकायचं. असे हजारो पेशंट नजरेखालून गेले की कधीतरी उस्ताद म्हणायचे, आता तू बस. आम्ही बीएडला होतो तेव्हा पाठ घेण्याआधी जुन्या शिक्षकांचे तास मागे बसून बघावे लागायचे, तसाच हा प्रकार, फक्त कैक वर्षांचा.

या पद्धतीत ताकद होती. रोग पुस्तकात भेटण्याआधी रोगी भेटायचा, त्याचं बोलणं, त्याचं घर, त्याची कुवत सगळं कळायचं. पण दोन मोठे दोषही होते. एक म्हणजे शरीर आतून कोणी पाहिलेलं नसायचं. चिरफाडीचं काम जर्राहाचं, ते हकिमाच्या शानेला शोभत नाही असं मानलं जायचं. आणि दुसरा दोष असा की दारं बंद होती. ज्याचा बाप किंवा मामू हकीम नाही, त्याला मतबमध्ये कोण बसवून घेणार?

दुसऱ्या दोषावर पहिला घाव घातला तो थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी. १८८० च्या दशकात त्यांनी दिल्लीत मदरसा तिब्बिया काढला. अजमल खान तेव्हा तरुण होते. पुढे १८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांकडे हकीम म्हणून गेले. तिथे इज्जत होती, पैसा होता, आणि वाचायला रामपूरचं नामांकित कुतुबखाना होतं. दहा-एक वर्षं काढून ते दिल्लीला परतले. दोन्ही थोरले भाऊ एकामागून एक वारले आणि मदरशाची जबाबदारी त्यांच्यावर आली.

इथून पुढे त्यांचं वेगळेपण दिसतं. खानदानी दवाखाना चालवून आरामात जगता आलं असतं. त्यांनी औषधं बनवणारा हिंदुस्तानी दवाखाना उभा केला आणि त्याची कमाई तालिमीच्या कामाला लावली. १९०९ मध्ये बायकांसाठी वेगळा तिब्बिया मदरसा सुरू केला, तिथे दायांना शिकवलं जायचं. बाळंतपणात किती बायका जातात हे दिल्लीतल्या घराघरांत माहीत होतं, पण दाईलाही शाळा हवी हे ठरवून करणारे थोडेच.

१९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना इथली हॉस्पिटलं आणि मेडिकल कॉलेजं पाहिली. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमधला एक किस्सा चरित्रकार आवर्जून सांगतात. तिथे डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हाऊस सर्जन होते, तेच पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले. त्यांनी हकीम साहेबांची ओळख आपले वरिष्ठ सर्जन डॉ. बॉइड यांच्याशी करून दिली. एका पेशंटबद्दल डॉ. बॉइड यांचं मत होतं की दुखणं पित्ताशयाचं आहे. हकीम साहेबांनी तपासून सांगितलं की लहान आतड्याच्या सुरुवातीला जुनी जखम आहे. ऑपरेशन झालं तेव्हा हकीम साहेबांचं निदान बरोबर निघालं.

आपल्या जलशांमध्ये हा किस्सा इथेच संपतो आणि टाळ्या पडतात. मला मात्र त्याची दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते. निदान हकिमाचं खरं ठरलं, पण ते खरं आहे हे कळलं सर्जनने पोट उघडलं म्हणून. दिल्लीला परतल्यावर त्यांनी कॉलेजचा जो आराखडा पुढे रेटला त्यात या दोन्ही गोष्टी होत्या. नब्ज आणि किताब राहणार, शिवाय शरीररचना, शस्त्रक्रिया आणि जोडीला हॉस्पिटल. आणि एकाच आवारात युनानी व आयुर्वेद दोन्ही.

विरोध दोन्हीकडून झाला. लखनऊच्या अझीझी घराण्याने १९०२ मध्येच 'तकमील-उत-तिब' हे आपलं वेगळं विद्यालय काढलं होतं. तिब आपल्या अरबी ग्रंथांवर उभी राहावी, त्यात इतर पद्धतींची सरमिसळ नको, असा त्यांचा आग्रह. तो आग्रह हट्टाचा होता असं म्हणून उडवून लावता येत नाही, कारण सरमिसळीत मूळ इल्म पातळ होण्याची भीती खरीच होती. दुसऱ्या बाजूला सरकार. आपल्या मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला. नोंदणी पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचीच होणार, हकीम आणि वैद्य त्याबाहेर. इतर प्रांतांतही तेच होणार हे स्पष्ट होतं. अजमल खानांनी हकीम आणि वैद्यांना १९१० पासूनच एका परिषदेत एकत्र आणलं होतं, त्या व्यासपीठावरून याला विरोध झाला. पण नुसत्या ठरावांनी भागणार नाही हे त्यांना कळत होतं. नोंदणी मागायची तर ठराविक अभ्यासक्रम, परीक्षा आणि सनद दाखवावी लागणार होती.

२९ मार्च १९१६ रोजी करोल बागेत आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजची पायाभरणी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते झाली. इमारत उभी राहीपर्यंत जमाना बदलला. १९२० मध्ये हकीम साहेबांनी सरकारने दिलेला हाज़िक-उल-मुल्क किताब परत केला, आणि लोक त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणू लागले. १३ फेब्रुवारी १९२१ ला कॉलेजचं उद्घाटन केलं ते महात्मा गांधींनी. मजा अशी की गांधीजींनी त्या भाषणात वैद्य-हकिमांची नुसती तारीफ केली नाही. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांची शोधक वृत्ती त्यांच्यात दिसत नाही, हेही सुनावलं. यजमानांना ते लागलं नसावं, कारण त्यांच्या मनात तेच होतं.

जवळपास त्याच वर्षांत सलीमुज़्ज़मान सिद्दीकी हा तरुण जर्मनीत रसायनशास्त्र शिकत होता. हकीम साहेबांनी त्याला मदत केली. तिब्बिया कॉलेजात संशोधन विभाग काढायचा आणि जुन्या बुटींमध्ये नेमकं काय आहे ते प्रयोगशाळेत तपासायचं, हा बेत होता. इतकं सगळं जामियाच्या कामासोबत चालू होतं. १९२५ मध्ये जामिया अलिगढहून दिल्लीला आली तीही करोल बागेतच, आणि तंगीच्या दिवसांत तिचा खर्च हकीम साहेब बऱ्याचदा खिशातून भागवत.

२९ डिसेंबर १९२७ ला रामपूरमध्ये त्यांचा इंतकाल झाला. दफन दिल्लीत.

सिद्दीकी यांनी पुढे तिब्बिया कॉलेजातच काम करून १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळातून एक नवीन द्रव्य वेगळं केलं आणि त्याला नाव दिलं अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांच्या एका आनुवंशिक आजाराची तपासणी करताना युरोपातल्या हॉस्पिटलांत ते आजही वापरतात. त्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. करोल बागेतलं कॉलेज अजून चालू आहे, आणि तिथे बीएएमएस व बीयूएमएसचे विद्यार्थी एकाच आवारात शिकतात.