बाबासाहेबांच्या शिक्षणाचा खर्च

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या आपल्या वस्तीतल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. जयंतीच्या फलकावर नावापुढे त्या रांगेनं लिहिलेल्या असतात. पण त्या पदव्यांची फी कुणी भरली, कशी भरली, कॉलेजात पाय ठेवायला कुठली कुठली दारं उघडावी लागली, हे मात्र फलकावर मावत नाही. दरवर्षी जून महिना आला की आपल्या घराघरात प्रवेशाची आणि पैशाची चर्चा सुरू होते. थोरल्याला शिकवायचं की धाकटीला, पुस्तकं नवी घ्यायची की जुनी, असे प्रश्न पडतात. म्हणून वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत बाबासाहेबांचं चरित्र आम्ही याच बाजूनं सांगायचं ठरवलं.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. आई भीमाबाई लवकर गेल्या. साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट आणि पाण्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, तो इथं पुन्हा सांगत नाही. पुढं रामजीबाबा मुलांना घेऊन मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्याच खोलीत चूल, तिथंच सामान आणि तिथंच अभ्यास. मुलाला लवकर झोपायला लावायचं आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवायचं, असा रामजीबाबांचा क्रम होता. गलबला शांत झाल्याशिवाय त्या खोलीत वाचणं शक्यच नव्हतं.

सुभेदारांची पेन्शन महिन्याला 50 रुपये. त्यात घर चालवायचं, मुलांना शिकवायचं. दोन्ही मुलांची शाळा एकदम झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांचं शिक्षण थांबलं आणि त्यांना नोकरीला लागावं लागलं. धाकटा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात गेला. चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढं जातात. आम्हाला मात्र इथं थांबावंसं वाटतं. भीमराव ज्या बाकावर बसला, त्या बाकाची किंमत आधी आनंदरावांनी मोजली होती. आपल्या समाजात असे आनंदराव घरोघरी झाले. त्यांच्या नावानं कुठं पाटी नाही.

दुसरी किंमत बहिणींनी मोजली. भीमरावाला शाळेच्या पुस्तकांखेरीज इतर पुस्तकांचंही फार वेड होतं आणि वडील ते वेड पुरवायचे. हातात पैसा नसला की रामजीबाबा आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात. धाकटीकडे दोन-चार रुपये मिळाले तर ठीक, नाही तर थोरलीकडे. तिच्याकडेही रोकड नसे. मग ती अंगावरचा एखादा दागिना काढून द्यायची. तो सावकाराकडे गहाण पडायचा, पुस्तक घरी यायचं, आणि पेन्शन आली की दागिना सोडवला जायचा. कित्येकदा तो दागिना लग्नात बापानंच घातलेला असायचा. पुस्तकासाठी लेकीचं सोनं मागणारा बाप आणि कुरकुर न करता ते काढून देणारी लेक, अशी माणसं त्या घरात होती. म्हणून तिथं बॅरिस्टर घडला.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाला. गुण पडले 750 पैकी 282. आजच्या हिशेबानं सदतीस-अडतीस टक्के. आजच्या कॉलेजांच्या पहिल्या यादीत हे नाव लागलं नसतं! पण त्या काळी मॅट्रिक हीच कॉलेजची चाळणी होती आणि त्या चाळणीतून अस्पृश्य समाजाचा मुलगा वर निघणं ही नवलाची गोष्ट होती. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावाला भेट दिलं. बुद्धाशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी, परीक्षेच्या बक्षिसातून. केळुसकर हे शाळामास्तर. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा पुस्तक वाचत बसलेला त्यांना दिसायचा, तिथून ओळख वाढत गेली.

1908 च्या जानेवारीत एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश झाला. मुंबई इलाख्यातलं हे नावाजलेलं कॉलेज. सरदार, सावकार, वकील यांची मुलं तिथं शिकायची. भीमराव परळहून यायचा. मध्ये आजारपणात एक वर्ष वाया गेलं. इंटरची परीक्षा झाली आणि सुभेदारांची गाठोडी संपली. पुढचं शिक्षण थांबण्याची वेळ आली.

तेव्हा केळुसकर गुरुजी पुन्हा धावले. त्यांनी भीमरावाला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीला नेलं. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करू, असं महाराजांनी आधी जाहीर केलं होतंच. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं पटली, आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. म्हणजे बापाच्या पेन्शनच्या निम्मे पैसे एका शब्दानं मिळाले. कॉलेजातले प्रोफेसर म्युलर पुस्तकं वापरायला द्यायचे, कपडेही द्यायचे. त्याच कॉलेजातला हॉटेलवाला मात्र भीमरावाला चहा काय, पाणीही देत नसे. फी भरली म्हणजे कॉलेज आपलं झालं असं नसतं, हे इथं नीट समजतं. फीची पावती सगळ्यांची सारखी होती, पेला सारखा नव्हता.

बी. ए. झाल्यावर 1913 च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले. रामजीबाबा जणू वाट पाहत थांबले होते. 2 फेब्रुवारी 1913 ला त्यांनी डोळे मिटले. ज्या माणसानं रात्री दोनला उठवून अभ्यास करून घेतला, त्याला पुढची एकही मोठी पदवी बघायला मिळाली नाही.

त्याच वर्षी बडोदा सरकार काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होतं. भीमरावांनी अर्ज केला आणि निवड झाली. 4 जून 1913 ला करार झाला. नेमलेला विषय शिकायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची, ही अट. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. त्या वेळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे सुमारे 172 रुपये. मुंबईत ही रक्कम मोठी वाटेल, पण न्यूयॉर्कमध्ये त्याचे महिन्याला 56 डॉलर व्हायचे. त्यात राहणं, खाणं, पुस्तकं, आणि शिवाय घरी रमाईंना पाठवायचे पैसे.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. सुरुवातीचे काही महिने नव्या मोकळेपणात गेले. मग पैसा आणि वेळ दोन्ही मोजके आहेत हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. नाटक-सिनेमा नाही, एक वेळचं साधं जेवण, आणि दिवसाला अठरा-अठरा तास अभ्यास. वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी तरुण सोबती मिळाला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, ते पुढं पुन्हा येणार आहे. प्रोफेसर सेलिग्मन यांच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकले, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान असे कितीतरी वर्ग केले. 1915 ला एम. ए., 1916 च्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा निबंध, आणि त्याच वर्षी डॉक्टरेटसाठीचा प्रबंध. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेल्या पैशातून सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं घेतली. बहिणीच्या दागिन्यापासून सुरू झालेलं वेड काही सुटलं नव्हतं.

1916 च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याचं बोलावणं आलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ते 1917 मध्ये निघाले. पहिलं महायुद्ध सुरू होतं. सामानाची बोट पाणतीराला बळी पडली आणि पुस्तकं समुद्रात गेली. त्याची 600 रुपये नुकसानभरपाई मिळाली. त्याच पैशातून बडोद्याला जायचं भाडं निघालं. बडोद्यात कराराप्रमाणे नोकरी सुरू झाली, पण राहायला जागा कुणी देईना, शिपाई लांबून फायली फेकायचे, आणि पारशी उतारगृहातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. दहा वर्षांचा करार पुरे दोन महिनेही चालला नाही. शिष्यवृत्तीच्या करारात विद्यार्थ्यानं काय करावं हे सगळं लिहिलं होतं. संस्थानानं त्याला निदान छप्पर द्यावं, हे कुठं लिहिलं नव्हतं.

लंडनचं शिक्षण अर्धवट होतं आणि आता शिष्यवृत्ती देणारा कुणी नव्हता. आम्हाला वाटतं, बाबासाहेबांच्या शिक्षणातला सर्वांत कठीण काळ हाच. त्यांनी शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला. जात कळताच गिऱ्हाईक तुटलं. 1918 च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरची तात्पुरती जागा मिळाली, पगार महिना 450 रुपये. एवढा पगार घरात आल्यावर कुणीही चाळ सोडली असती. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. रमाईंच्या हाती ठरावीक रक्कम यायची, बाकीचे पैसे लंडनसाठी बाजूला पडायचे.

इथं रमाईंचा हिशेब मांडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नवरा अमेरिकेत असताना आणि मग लंडनमध्ये असताना घर त्यांनी ओढलं. पाच मुलांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, एकटे यशवंतराव वाचले. औषधपाण्याला पैसा कमी पडत असतानाही शिल्लक टाकलेल्या पैशाला हात लागला नाही. रमाई स्वतः 27 मे 1935 ला गेल्या. पदव्यांच्या यादीशेजारी ही यादीही असायला हवी, असं आमचं मत आहे.

दीड वर्षाची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून पाच हजार रुपये उसने, एवढ्या भांडवलावर 1920 च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. त्यात आणखी एक संकट. त्या वर्षाच्या आरंभी रुपयाचा भाव पौंडाच्या तुलनेत खूप चढला होता, तो वर्ष संपेपर्यंत घसरला. रुपये घेऊन लंडनात शिकणाऱ्याचे पैसे बसल्या जागी कमी होत गेले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला त्या प्रश्नाचे चटके खिशात बसत होते!

लंडनात सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर पेय घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे. दुपारच्या जेवणाला बहुधा सुट्टी. संध्याकाळपर्यंत टिपणं काढायची. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसानं दिलेल्या पापडांतले चार पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. 1921 ला एम. एस्सी., 1922 ला बॅरिस्टर. डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांना झोंबला, तो फेरफार करून पुन्हा द्यावा लागला. तोवर पैसे संपले होते, म्हणून 1923 च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले आणि प्रबंध इथून धाडला. पदवी त्याच वर्षी मिळाली. बॅरिस्टर होऊनही वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. तेही भथेनांनी दिले.

स्वतःची फी अशी भरलेला माणूस दुसऱ्यांच्या फीची काळजी करतोच असं नाही. पुष्कळजण शिडी चढून गेल्यावर शिडी विसरतात. बाबासाहेबांनी 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापुरात वसतिगृह काढलं. 1942 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारच्या मागे लागून तीन लाख रुपयांची तरतूद करून घेतली, त्यातून काही विद्यार्थी परदेशी गेले. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या मुलांना मिळणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती 1944 पासूनची. आपल्या वस्तीतले कितीतरी पदवीधर त्याच फॉर्मवर सह्या करून पुढं गेलेले आहेत.

8 जुलै 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 20 जून 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. वर्ग सकाळी ठेवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला शिकता यावं. आनंदरावांसारखी नोकरी की शाळा अशी निवड करावी लागू नये, अशी ती सोय होती. चांगले प्राध्यापक आणि मोठं ग्रंथालय यांवर बाबासाहेबांचा कटाक्ष असे. 1950 च्या जूनमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दुसरं कॉलेज निघालं. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार थोडी होती. त्या कॉलेजला पुढं मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारा भिक्खू नागसेन, ही जोडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिथं वर्गांबरोबर वसतिगृहंही उभी राहिली, आणि खेड्यापाड्यांतून वळकटी घेऊन येणारी मुलं तिथं उतरू लागली.