प्रो. केरूनाना छत्रे : नागावचे गणिताचे गुरुजी

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना वाटेत नागाव लागते. आपल्या वाचकांना हा मुलूख नव्याने सांगावयास नको. केहीमकर, नवगावकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर ही आपली आडनावे याच जुन्या कुलाबा जिल्ह्यातील गावांची. त्या नागावात इ. स. १८२५ च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखू लागला.

आईबापांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे केरूनाना मुंबईस आपले काका सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्याकडे आले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना दोन थोर शिक्षक लाभले. एक प्रो. ऑर्लेबार आणि दुसरे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. या दोघांच्या हाताखाली गणित, पदार्थविज्ञान व ज्योतिष या विषयांची गोडी त्यांना लागली, ती जन्मभर टिकली.

ऑर्लेबारसाहेबांनी शिष्याचे कौतुक केवळ वर्गापुरते ठेवले नाही. कुलाब्याच्या वेधशाळेचे काम त्यांच्याकडे होते. तेथे १८४० साली त्यांनी केरूनानांना दरमहा पन्नास रुपयांवर साहाय्यक म्हणून घेतले. पंधरा-सोळा वर्षांचा हा अनाथ मुलगा सुमारे दहा वर्षे त्या ठिकाणी राबला. यंत्र कसे वाचावे, आकडा कसा टिपावा, तो पुन्हा कसा तपासावा, ही शिस्त त्याच्या अंगी येथे बाणली. अशी शिस्त पुस्तकात वाचून येत नाही. जवळ उभे राहून दाखविणारा कोणीतरी लागतो.

पुढे केरूनाना पुण्यास आले आणि शिक्षकाचा पेशा त्यांनी पत्करला. पूना कॉलेज, अहमदनगरची शाळा, पुण्याची इंजिनिअरिंगची शाळा असे करीत ते डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. केरूनानांचे शिक्षण त्याच्या कितीतरी आधी संपलेले, म्हणून त्यांच्या नावापुढे पदवी नव्हती. तरीही बी. ए. च्या विद्यार्थ्यांना गणित शिकविण्याचा मान त्यांना मिळाला, तो निव्वळ ज्ञानाच्या बळावर.

त्या काळच्या पंचांगातील गणित जुने झाले होते. ग्रहणाची वेळ पंचांगात एक आणि आकाशात दुसरी, असा प्रकार होई. चंद्रावर महिने मोजणाऱ्या व अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसविणाऱ्या आपल्या समाजाला या अडचणीचे महत्त्व सहज कळेल. केरूनानांनी युरोपातील नव्या वेधांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० साली मराठीत प्रसिद्ध केला. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांगही निघाले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. जुन्या वळणाच्या लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही; पण केरूनानांनी आपले गणित सोडले नाही.

१८७३ साली डेक्कन कॉलेजात एक कोकणी विद्यार्थी दाखल झाला. प्रकृती अशक्त म्हणून पहिले वर्ष त्याने अभ्यासापेक्षा व्यायामातच घालविले. हा विद्यार्थी म्हणजे बाळ गंगाधर टिळक. केरूनानांच्या वर्गात त्यांचे गणित बहरले आणि पुढे ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले. १८९३ साली टिळकांनी ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहून ताऱ्यांच्या स्थितीवरून वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला. पंचांगशुद्धीच्या वादातही रेवतीतील एका ठरावीक ताऱ्यापासून राशिचक्र मोजावे, हा केरूनानांचाच मार्ग त्यांनी पुढे चालविला. त्या मार्गाचे टिळक पंचांग आजही निघते.

सरकारने केरूनानांना १८७७ साली रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ साली ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी टिळक, आगरकर प्रभृतींनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि १८८५ साली निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजात टिळक स्वतः गणित शिकवू लागले. जांभेकर व ऑर्लेबार यांनी लावलेला दिवा असा तिसऱ्या पिढीच्या हाती गेला.

आज आपल्या मुलांपाशी पुस्तके आहेत, घरबसल्या ऐकता येणारी व्याख्याने आहेत, प्रश्न घातला की क्षणात उत्तर देणारी यंत्रेही आहेत. या साधनांचा उपयोग त्यांनी जरूर करावा. परंतु कॉलेज निवडताना आईबापांनी इमारत आणि फी यांबरोबर आणखी एक चौकशी करावी: तेथे शिकविते कोण? आणि मुलामुलींनीही तास संपताच घर न गाठता, अडलेले गणित घेऊन प्राध्यापकांकडे जावे. नागावच्या पोरक्या मुलाचे भाग्य अशाच एका गुरूच्या सहवासात उघडले.