अंधारातील गणिती

1771 सालच्या मे महिन्यात रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे भयंकर आग लागली. एका जळत्या घरात 64 वर्षांचा एक वृद्ध अडकून पडला होता. डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नसल्याने त्याला बाहेरची वाट सापडेना. इतक्यात पीटर ग्रिम नावाचा कारागीर जिवाची पर्वा न करता ज्वाळांत शिरला व त्याला उचलून सुखरूप बाहेर घेऊन आला. तो वृद्ध म्हणजे थोर गणिती लिओनार्ड ऑयलर.

ऑयलरचा जन्म 1707 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल या नगरात झाला. मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु विख्यात गणिती योहान बेर्नुली याने त्याची बुद्धी ओळखली. तो दर शनिवारी दुपारी ऑयलरच्या शंकांचे निरसन करी. गुरूला फार तसदी पडू नये म्हणून हा शिष्य आठवडाभर ग्रंथांशी झुंजत असे. पुढे सेंट पीटर्सबर्ग व बर्लिन येथील अकादमींत त्याने कीर्ती मिळविली. उजव्या डोळ्याची दृष्टी 1738 च्या सुमारास गेली होती. उतारवयात डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस दिसू लागले खरे, पण तेही सुख टिकले नाही. तेव्हापासून तो मनातल्या मनात आकडेमोड करी आणि मुलगा व साहाय्यक ती लिहून घेत.

अशा स्थितीत त्याने एका प्रचंड संख्येचा निकाल लावला. 31 वेळा 2 घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्यातून 1 वजा करावा, म्हणजे 2,14,74,83,647 ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे 1 व ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही, असे मेर्सेन या फ्रेंच पंडिताने 1644 मध्ये सांगितले होते. परंतु थोरांच्या शब्दावर विसंबणे ऑयलरच्या स्वभावात नव्हते. फर्माने मूळ मानलेल्या 4,29,49,67,297 या संख्येला 641 ने भाग जातो, हे त्याने 1732 मध्येच दाखविले होते.

संख्येचे दोन अवयव पडलेच, तर त्यांतील लहान अवयव वर्गमूळाहून मोठा नसतो. म्हणून वर्गमूळापर्यंतचे भाजक तपासले की पुरे. पण येथे वर्गमूळच 46,340 हून अधिक! तेथवर मूळ संख्या 4,700 च्या वर आहेत. ऑयलरने विचाराने वाट काढली. या संख्येला मूळ भाजक असलाच, तर त्याला 248 ने भागून बाकी 1 किंवा 63 च उरेल, असे त्याच्या ध्यानी आले. भाजकांचे रान एकदम विरळ झाले. 372 हून अधिक भागाकारांची गरज उरली नाही. त्यांतला एकही भाजक लागू पडला नाही. 1772 साली हा निष्कर्ष त्याने बर्लिनला पत्राने कळविला. ते पत्र ज्याच्या नावे होते, तो त्याच्या गुरूचा नातू होता व त्याचेही नाव योहान बेर्नुलीच होते. पुढे कित्येक दशके याहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती.

18 सप्टेंबर 1783 रोजी ऑयलरने सकाळी नातवाला गणिताचा पाठ दिला. नंतर दोनच वर्षांपूर्वी शोध लागलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी त्याने सहकाऱ्याशी चर्चा केली. त्याच दिवशी त्याची प्राणज्योत मालवली.