विश्लेषण : गिटार वाजवता न येणाऱ्या लिओ फेंडर यांच्यामुळे बेस गिटार सामान्यांना परवडू लागली, ती कशी?

बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावात राहून प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकणाऱ्या मुलाला बेस गिटार घ्यायची असेल, तर ती बहुतेक वेळा हातात न धरताच घ्यावी लागते. ऑनलाइन फोटो पाहायचे, व्हिडीओ ऐकायचे, घरच्यांना पटवायचे आणि पैसे भरायचे. पार्सल उघडल्यावर निवड चुकल्याचे कळले, तर पुन्हा तेवढे पैसे जमायला वर्ष लागू शकते. म्हणूनच ‘कमी बजेटमध्ये कोणती बेस चालेल?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या आयुष्यात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. त्यांचे नाव क्लेरेन्स लिओनिडास उर्फ लिओ फेंडर. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

बेसचे काम नेमके काय?

गावातल्या भजनात पखवाज ऐकलेल्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. तिच्या वजनाने कातडे सावकाश हलते आणि आवाज खाली उतरतो. बेसच्या जाड तारांनाही हाच नियम लागू होतो. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ‘ई’ तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पाच तारांच्या बेसमध्ये तिच्याखाली ‘बी’ तार असते, तिची कंपने सुमारे ३१. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये सात तारांची गिटार सर्रास वापरतात. तिची सर्वांत खालची तार सुमारे ६२ कंपनांची, म्हणजे बेसच्या ‘बी’पेक्षा बरोबर एक सप्तक वर असते. त्यामुळे या संगीतात पाचवी तार केवळ हौस म्हणून येत नाही. (मोबाइलच्या स्पीकरवर ही मूळ कंपने जवळजवळ ऐकूच येत नाहीत. बेसचा व्हिडीओ पाहून निवड करायची असेल, तर निदान इअरफोन तरी लावावेत.)

हिशेबनीस ते दुरुस्ती करणारा

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. आई-वडिलांची फुलर्टन आणि अ‍ॅनाहाइम या गावांजवळ संत्र्याची बाग होती. आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसवला गेला. किशोरवयात एका नातेवाइकाच्या वीजदुरुस्तीच्या दुकानात त्यांनी रेडिओ पाहिला आणि त्यांना त्याचे वेड लागले. शिक्षण मात्र त्यांनी हिशेबनिशीचे घेतले. बर्फाच्या कंपनीत आणि पुढे महामार्ग विभागात त्यांनी नोकरी केली, पण १९३० च्या दशकातल्या महामंदीत ती गेली. टायर कंपनीतली नोकरीही टिकली नाही. शेवटी १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले.

त्यांचे पुढचे सगळे काम या दुकानातून आले. परिसरातले वादक बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर आणि खरखरणारे पिकअप घेऊन तिथे येत. वस्तू कुठे तुटते, तार कुठे सुटते, काय उघडायला त्रास होतो, हे त्यांना रोज दिसत होते. कारखान्यात वस्तू तयार होताना पाहणारा आणि तीच वस्तू मोडल्यावर पाहणारा यांची नजर वेगळी असते. फेंडर यांची नजर दुसऱ्या प्रकारची होती. पुढे त्यांनी स्वतःची वाद्ये बनवली तेव्हाही ती आधी रात्री कार्यक्रम करणाऱ्या वादकांच्या हातात दिली. त्यांच्या तक्रारी ऐकून ते बदल करत.

मित्र डॉक कॉफमन यांच्यासह सुरू केलेला पहिला व्यवसाय थोडकाच काळ चालला. १९४६ मध्ये फेंडर यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. १९५० मध्ये त्यांनी सपाट, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. पुढे ती ‘टेलिकास्टर’ म्हणून ओळखली गेली. तिचा नेक गोंदाने चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूंनी बसवलेला होता. खराब झाला तर स्क्रू काढायचे आणि दुसरा बसवायचा. पारंपरिक कारागिरांना ही गोष्ट ओबडधोबड वाटली. पण अशी गिटार वेगवेगळ्या टेबलांवर सुट्या भागांत बनवून शेवटी जोडता येत होती, त्यामुळे किंमत आटोक्यात राहत होती.

१९५१ मध्ये काय बदलले?

त्या काळी बेस म्हणजे माणसाच्या उंचीचे डबल बेस. ते गाडीत मावत नसे, आणि गिटारला वीज जोडली गेल्यावर ते कुणाला ऐकूही येत नसे. त्यावर पट्ट्या, म्हणजे फ्रेट नसल्याने सूर केवळ सरावानेच लागे. फेंडर यांनी १९५१ च्या अखेरीस गळ्यात अडकवता येणारी, फ्रेट असलेली इलेक्ट्रिक बेस आणली. सूर अचूक लागतो म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच अशी बेस बनवली होती, पण ती फारशी खपली नाही. त्यामुळे पहिला शोध फेंडर यांचा म्हणता येत नाही. घरोघरी पोहोचलेली पहिली बेस मात्र त्यांचीच.

प्रिसिजनमध्ये तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच ठेवली होती. डबल बेसची सुमारे ४२ इंच असते, गिटारची २५ च्या आसपास. आज बाजारातल्या बहुतेक स्वस्त-महाग बेस याच ३४ इंचांवर बनतात. त्यामुळे तारांचे संच आणि इतर भाग सहज मिळतात.

१९५७ मध्ये त्यांनी पिकअप बदलला. एका गुंडाळीऐवजी दोन अर्ध्या गुंडाळ्या अशा जोडल्या, की दोघींनी पकडलेली विजेची गुणगुण एकमेकींना रद्द करते. ज्या घरात सॉकेटला अर्थिंग नाही, तिथे या बदलाची किंमत लगेच कळते. १९६० मध्ये आलेल्या ‘जॅझ बेस’चा नेक निमुळता, हाताला सोपा, पण तिचा एकच पिकअप चालू ठेवला तर ही गुणगुण परत येते. आयर्न मेडनचे स्टीव्ह हॅरिस प्रामुख्याने प्रिसिजनच वाजवत आले आहेत.

विक्री, आजार आणि दुसरा डाव

कंपनी मोठी होत गेली आणि फेंडर यांची तब्येत खालावत गेली. सायनसचा जुना संसर्ग हटत नव्हता. आपण फार दिवस काढणार नाही असे वाटून त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये १.३ कोटी डॉलरला कंपनी सीबीएसला विकली. दहा वर्षे स्पर्धक म्हणून उतरायचे नाही, अशी अट होती. त्यानंतर डॉक्टर बदलला, औषध लागू पडले आणि ते बरे झाले. स्वतःचे नाव दुसऱ्याच्या मालकीचे झालेले, अंगात काम करण्याची ताकद परत आलेली आणि हात करारात बांधलेले, अशी त्यांची स्थिती झाली.

जुन्या सहकाऱ्यांनी काढलेल्या ‘म्युझिक मॅन’ कंपनीत ते आधी पडद्याआडचे भागीदार होते. १९७५ मध्ये मुदत संपताच ते तिचे अध्यक्ष झाले. १९७६ मध्ये या कंपनीची ‘स्टिंगरे’ बेस आली. तिच्या पोटात नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प होता. बेसवरच खालचे आणि वरचे स्वर वाढवता-कमी करता येऊ लागले. आवाज टोकदार झाला, गिटारच्या गदारोळातही ऐकू येऊ लागला. आज मेटलसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतांश परवडणाऱ्या बेसमध्ये हीच रचना असते. ड्रीम थिएटरचे जॉन म्यंग अनेक वर्षे म्युझिक मॅनचीच बेस वाजवतात. अर्थात १९८४ पासून ती कंपनी ‘अर्नी बॉल’ कंपनीकडे आहे.

नक्कल चालते का?

चालते, आणि कायदेशीरही आहे. १९७० च्या दशकात जपानी कारखान्यांनी फेंडरच्या रचनेच्या इतक्या चांगल्या आणि स्वस्त प्रती काढल्या, की मूळ कंपनीलाच १९८२ मध्ये जपानमध्ये ‘स्क्वायर’ हा स्वस्त ब्रँड सुरू करावा लागला. प्रिसिजनच्या अंगाचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचा कंपनीचा प्रयत्नही २००९ मध्ये अमेरिकी ट्रेडमार्क मंडळाने फेटाळला, कारण तोवर तो आकार सगळ्यांचाच झाला होता. तारा गुंडाळण्याच्या खुंट्या असलेल्या डोक्याचा आकार मात्र कंपनीकडेच आहे. त्यामुळे नकली बेसचे डोके थोडे वेगळे दिसते.

स्वस्त बेस पाहताना नाव आणि रंगापेक्षा नेक महत्त्वाचा. तो सरळ आहे का, ट्रस रॉड दोन्ही बाजूंनी फिरतो का, प्रत्येक फ्रेटवर स्वर स्वच्छ येतो का, हे तपासावे. दमट किनाऱ्यावरून आलेले लाकूड मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये आकसते, फ्रेटची टोके बाहेर येऊन बोटांना लागतात आणि नेकचा बाकही बदलतो. पहिल्या उन्हाळ्यात अ‍ॅलन कीने पाव फेरा द्यावा लागला, तर तो बिघाड समजू नये. पाच तारांची स्वस्त बेस घेताना ‘बी’ तार ढिली, भसाडी वाजत नाही ना, हे आधी ऐकावे. पाचवी तार बजेटबाहेर जात असेल, तर चार तारांच्या चांगल्या बेसवर पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार तारा बसवून बी-ई-ए-डी सुरावट करता येते. त्यासाठी नटच्या खाचा घासून रुंद कराव्या लागतात आणि सेटिंग पुन्हा करावे लागते. प्रीअ‍ॅम्पची बेस असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवावी, नाहीतर बॅटरी उतरते आणि ऐन वेळी आवाजच येत नाही.

जुनी बेस टाळण्याचेही कारण नाही. रश बँडच्या गेडी ली यांची गाजलेली जॅझ बेस तारण ठेवलेल्या वस्तूंच्या दुकानातून सुमारे २०० डॉलरला घेतलेली होती.

अखेरची वर्षे

१९७९ मध्ये फेंडर यांच्या पत्नी एस्थर यांचे निधन झाले. त्याच सुमारास त्यांनी जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह ‘जी अँड एल’ ही तिसरी कंपनी काढली. पैशांची गरज उरली नव्हती, तरी नवे पिकअप आणि नव्या बेस यांच्यावरचे काम थांबले नाही. पार्किन्सनने हात थरथरू लागले, तरी ते रोज कारखान्यात येत. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टनमध्ये त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते आपल्या कामाच्या टेबलावर होते.