शिट्टी मानणारा कर्णधार

मी सांगलीकडचा, कबड्डीत वाढलेला. बंगळूरला शाळेत आल्यावर रग्बी शिकलो आणि स्क्रमच्या पहिल्या रांगेत उभा राहू लागलो. गेल्या मोसमात एका सामन्यात मी समोरच्याला सरळ न रेटता तिरका आत घुसलो. पंचांनी शिट्टी वाजवली. मी हुज्जत घातली, तर त्यांनी आम्हाला आणखी दहा मीटर मागे नेले. तिथून मारलेल्या पेनल्टीवर आम्ही तीन गुणांनी हरलो. त्यानंतर मी डेव्ह गॅलाहर यांच्याविषयी वाचले.

त्यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1873 रोजी आयर्लंडमधील रामेल्टन गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब न्यूझीलंडला गेले. शिक्षिका असलेली आई 1887 मध्ये वारली. पुढे ते ऑकलंडच्या पॉन्सनबी क्लबकडून खेळू लागले. बोअर युद्धात घोडेस्वार सैनिक म्हणून दक्षिण आफ्रिकेत लढून आले आणि 1903 मध्ये देशाच्या संघात निवडले गेले.

1905 च्या ब्रिटन दौऱ्यावर ते कर्णधार होते. जहाजावर काही खेळाडूंनी या नेमणुकीला हरकत घेतली, तेव्हा त्यांनी पद सोडण्याची तयारी दाखवली. मतदान झाले आणि बहुमताने तेच कायम राहिले.

ब्रिटिश संघ स्क्रममध्ये आठ गडी लावत. न्यूझीलंडचे सातच असत : पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. प्रत्येकाची जागा ठरलेली, त्यामुळे पाचरीसारखा रेटा बसे आणि चेंडू झटकन मागे येई. आठवे गॅलाहर. ते चेंडू आत टाकत आणि स्क्रमच्या कडेला धरून उभे राहत. त्यांच्या आडोशाने आपल्या हाफबॅकला चेंडू उचलायला वेळ मिळे. स्क्रमला धरलेला गडी स्क्रमचाच भाग, म्हणून हे नियमात बसते, असे त्यांच्या संघाचे म्हणणे. हा उघड अडथळा आहे, असे विरोधकांचे म्हणणे. वर्तमानपत्रांनी टीका केली, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तरी संघ जिंकत राहिला.

16 डिसेंबर 1905 रोजी कार्डिफमध्ये वेल्सशी गाठ पडली. वेल्सनेही सातच गडी स्क्रममध्ये ठेवून एक मोकळा सोडला. स्कॉटिश पंच जॉन डॅलस यांनी गॅलाहर यांच्या चेंडू टाकण्यावर पुन्हा पुन्हा शिट्टी दिली. शेवटी गॅलाहर यांनी आपल्या गड्यांना स्क्रममध्ये चेंडूसाठी झगडूच नका असे सांगितले. पेनल्टी देत बसण्यापेक्षा चेंडू गेलेला बरा, असा तो हिशेब. बॉब डीन्स यांचा ट्रायही पंचांनी नाकारला. वेल्स 3-0 ने जिंकले. पंचांविषयी विचारले, तेव्हा त्यांच्या कामगिरीवर मत द्यायचे नाही हा आपला नियम असल्याचे गॅलाहर यांनी सांगितले. त्या दौऱ्यातील 35 सामन्यांत संघ हरला तो एवढा एकच.

नंतर ते 1914 पर्यंत निवड समितीत होते. वयामुळे सक्तीच्या भरतीतून सूट असूनही मे 1916 मध्ये त्यांनी सैन्यात नाव नोंदवले. प्रशिक्षणाला बोलावणे येण्याआधीच धाकटा भाऊ डग्लस फ्रान्समध्ये पडल्याची बातमी आली. 4 ऑक्टोबर 1917 रोजी बेल्जियममध्ये पाशेंडेलच्या लढाईत सार्जंट गॅलाहर डोक्याला गोळ्याचा तुकडा लागून मरण पावले. ते 43 वर्षांचे होते. पोपरिंगजवळच्या नाइन एल्म्स दफनभूमीत त्यांची कबर आहे.

त्यांच्या स्क्रमवरचा वाद त्यांच्यानंतरही चालू राहिला. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला नियम बदलला, पहिल्या रांगेत तीन गडी सक्तीचे झाले आणि दोन-तीन-दोनची रचना संपली. मी आज ज्या रांगेत उभा राहतो, ती याच नियमाची.

गॅलाहर आपल्या डावपेचाला शेवटपर्यंत बेकायदा मानत नव्हते. तरीही मैदानावर नियम म्हणजे पंचांना दिसतो तो, हे जाणून त्यांनी सामना चालू असतानाच खेळ बदलला. मला हेच जमले नव्हते.

या मोसमात माझ्यावर दोनदा शिट्टी वाजली. दोन्ही वेळा मी तोंड मिटून मागे गेलो. दुसऱ्या वेळी हुकरला विचारले, माझा खांदा कुठे वळतोय? त्याने दाखवले.