कॅरोल लोंबार्ड

अमेरिकेतील इंडियाना राज्यात फोर्ट वेन या गावी ६ ऑक्टोबर १९०८ रोजी जेन ॲलिस पीटर्स हिचा जन्म झाला. लहानपणीच ती आई व दोन भावांसह कॅलिफोर्नियात आली. बारा वर्षांची ही धीट मुलगी बेसबॉल खेळत असताना ॲलन ड्वान या दिग्दर्शकाच्या दृष्टीस पडली, आणि त्याने तिला एका मूकपटात काम दिले. कॅरोल लोंबार्ड हे तिचे नाव पुढचे.

ऐन उमेदीत मोटारीच्या अपघातात तिच्या गालावर कायमचा व्रण राहिला. चेहरा हेच नटीचे भांडवल, अशी तेव्हाची समजूत! परंतु कॅरोल खचली नाही. मॅक सेनेट याच्या विनोदी लघुपटांत मिळेल ते काम करून तिने विनोदाची कला हस्तगत केली. १९३६ च्या 'माय मॅन गॉडफ्रे' या बोलपटामुळे ती कीर्तीच्या शिखरावर पोहोचली.

१९४१ साली युरोप महायुद्धात होरपळत असता, जर्मनीत जन्मलेल्या अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाने 'टु बी ऑर नॉट टु बी' हा बोलपट काढावयास घेतला. नाझींनी व्यापलेल्या वॉर्सा शहरातील एक नाटकमंडळी सोंगे घेऊन शत्रूला कशी चकविते, याची ती कथा होती. अशा घोर संकटात हसावयाचे कसे, असे पुष्कळांना वाटले. ते गैरही नव्हते. परंतु येथे हसे होते ते जुलूम करणाऱ्यांचे, सोसणाऱ्यांचे नव्हे. मत्सरी नवरा, प्रेमात पडलेला तरुण वैमानिक आणि दाराशी उभा मृत्यू, या तिहींना तोंड देणाऱ्या नटीची भूमिका कॅरोलने सहजतेने वठविली.

त्याच डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली. १५ जानेवारी १९४२ रोजी कॅरोलने इंडियानापोलिस येथे युद्धरोखे विकून एका दिवसात वीस लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम जमविली. आगगाडीने परतावे, असे आईचे मत होते. कॅरोलला मात्र घराची ओढ लागली होती. अखेर विमानच ठरले. दुसऱ्या दिवशी रात्री लास वेगास सोडल्यावर थोड्याच वेळात ते पोटोसी पर्वतावर आदळले. कॅरोल, तिची आई आणि १५ सैनिक यांसह विमानातील सर्व २२ जण मृत्यू पावले. तिचे वय अवघे ३३ वर्षांचे होते.

बोलपट लोकांपुढे आला तो यानंतर. विमानात असे काय होणार, अशा अर्थाचे तिच्या तोंडचे एक वाक्य तत्पूर्वी काढून टाकण्यात आले होते. तिचा पती, नट क्लार्क गेबल, त्याच वर्षी साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. १९४४ च्या जानेवारीत एका मालवाहू जहाजाला तिचे नाव देण्यात आले. ते पाण्यात उतरले तेव्हा तो तेथे उपस्थित होता.